प्रेस बदलण्याआधी दोष कुणाचा ते शोधा

माझा रीलोडिंग प्रेस, म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी नळी (केस) पुन्हा भरायचं हातयंत्र, स्वस्तातला आहे. ॲल्युमिनियमचा, पुढून उघडा, म्हणजे सी-फ्रेम. पिस्तुलाच्या ९ एमएम पितळी केसला तो कधी कुरकुर करत नाही. रायफलची .३०-०६ ची लांब केस फुल-लेंथ साइझ करायला, म्हणजे दाबून पूर्ण लांबीभर मूळ मापात आणायला घेतली की मात्र हँडलवर जोर येताच त्याचा जबडा किंचित फाकतो. डाय (केसला आकार देणारा साचा) शेल होल्डरला (केसचं बूड धरणाऱ्या पकडीला) टेकवून बसवा, केस आत घालून हँडल पूर्ण खाली दाबा आणि मागून टॉर्च मारा. डाय आणि शेल होल्डरच्या मध्ये उजेडाची रेघ दिसली, तर केसचा खांदा (मानेखालचा उतार) हवा तेवढा मागे जात नाहीये. बोल्ट रायफलला तो साधारण एक-दोन थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मागे न्यायचा असतो. प्रेसच तेवढा वाकत असेल तर एकसारखं माप कुठून येणार?

डाय थोडी आणखी खाली फिरवून बघा. रेघ गेली आणि तरी माप केसगणिक बदलतंय, तर लगेच प्रेसवर खापर फोडू नका. डायमधला डिकॅपिंग रॉड (जुना प्रायमर ढकलून काढणारी सळई) एक्सपांडर बॉलसकट (केसची मान आतून रुंद करणाऱ्या गोळ्यासकट) काढा आणि त्याच लॉटमधल्या थोड्या केस पुन्हा साइझ करून मोजा. मापं जुळली तर गुन्हेगार तो बॉल. कोरड्या मानेतून वर येताना तो खांदा पुढे ओढतो. मानेच्या आत लूबचा (वंगणाचा) पुसटसा हात फिरवला की काम होतं. बाहेरून मात्र लूब जाड थापू नका, खांद्यावर खड्डे पडतात.

मग टेबल. कुणाला तरी हँडल दाबायला सांगा आणि प्रेस जिथे बोल्ट केलाय तिथे तळहात ठेवा. फळी उचलली जात असेल, तर खाली जाड पोलादी पट्टी, मोठे वॉशर आणि टेबल भिंतीला पक्कं, एवढं आधी करा. डळमळत्या टेबलावर महागडा प्रेससुद्धा डळमळतोच.

रॅम (केसला डायमध्ये ढकलणारा दांडा) खरखरतोय? जळक्या प्रायमरची, म्हणजे केसच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीची, राख आहे ती, चांगलीच घासते. पुसा, तेलाचा थेंब द्या.

स्वस्त प्रेसवरचा प्रायमर बसवायचा दांडा हे खरं डोकेदुखीचं काम. हाताला काही कळतच नाही. प्रायमर केसच्या बुडापेक्षा तीन ते पाच थाऊ आत हवा, वर आलेला मुळीच चालत नाही. यासाठी नवा प्रेस कशाला? हातात धरायचं प्रायमिंग टूल घ्या. चष्मा लावूनच.

एवढं करूनही टॉर्चची रेघ हटत नसेल, तर बंद चौकटीचा कास्ट आयर्न ओ-फ्रेम सिंगल-स्टेज (एका वेळी एकच डाय लावायचा) प्रेस घ्या. डायचे आटे बहुतेक ७/८ इंच, इंचाला १४, असे ठरलेले असतात, म्हणून जुन्या डाय तशाच चढतात. काही प्रेसचं टूलहेड वेगळं असतं, तेवढं आधी विचारून घ्या.

तक्रार वेगाची असेल तर हा खर्च फुकट. तिथे टरेट, म्हणजे फिरत्या चकतीवर बऱ्याच डाय बसणारा प्रेस, बघा. पिस्तुलाच्या गोळ्या ढिगाने लागत असतील तर प्रोग्रेसिव्ह. पण त्यात एका झटक्यात चार-पाच कामं होतात आणि ९ एमएमच्या केसमध्ये दुप्पट पावडर सहज मावू शकते. बुलेट ठेवण्याआधी प्रत्येक केसच्या आत नजर जाईल असाच प्रेस आणि तसाच दिवा हवा. पावडरचं वजन छापील मॅन्युअलमधूनच घ्या, आणि परवान्याचे नियमही आधी बघा.

जुना प्रेस विकू नका. मळक्या केसमधले जळके प्रायमर काढायला तोच ठेवा, म्हणजे ती राख नव्याच्या रॅममध्ये जाणार नाही.