होळीच्या आधीच फिल्टरची तयारी: गच्चीवरचं तापलेलं पाणी मशीनपर्यंत जाऊ देऊ नका

परभणी, नांदेड, जालन्याकडे मार्च सरता सरता गच्चीवरची काळी टाकी दुपारी इतकी तापते की नळाखाली हात धरवत नाही. तेच पाणी स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरमध्ये शिरतं. मेंब्रेनची, म्हणजे क्षार अडवणाऱ्या आतल्या पडद्याची, कमाल मर्यादा साधारण 45 अंश सेल्सिअस असते आणि बहुतेक घरगुती मशीनच्या पुस्तिकेत आत येणारं पाणी 40 अंशांच्या आत ठेवायला सांगितलेलं असतं. म्हणून नवीन कार्ट्रिज घेण्याआधी पाण्याची वाट तपासा.

सुरुवात मोजण्यापासून करा. दुपारी तीनच्या सुमारास, फिल्टरला जोडलेल्या लाइनवरच्या नळाचं पाणी स्टीलच्या पेल्यात घ्या आणि स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर बुडवा. तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, तो 42-43 अंशांच्या पुढे जात नाही. आता नळ चालू ठेवून एक बादली भरा आणि पुन्हा मोजा. पाऊण इंची पाइप 10 मीटर उन्हात असेल तर त्यात जेमतेम 3 लिटर पाणी मावतं. बादली भरल्यावर पाणी थंड लागलं तर दोष उघड्या पाइपचा आहे, तेवढंच गरम राहिलं तर टाकीचा. ही बादली भांड्यांना वापरा, आपल्याकडे पाणी सांडून चालत नाही.

दोष पाइपचा असेल तर उन्हातल्या पाइपवर फोमची नळी चढवा आणि तिच्यावर पांढरी टेप गुंडाळा, कारण नुसता फोम उन्हाने भुरभुरतो. टाकीला मात्र सावलीच हवी. वर आणि पश्चिमेच्या अंगाला शेडनेट लावा, नाहीतर तुराट्यांचा मांडव घाला. टाकी आणि सावली यांच्यात फूटभर मोकळी जागा सोडा, म्हणजे वारं खेळतं. टाकीला पांढरा रंग दिला तरी बराच फरक पडतो.

एवढं करूनही दुपारचं पाणी 40 च्या वर जात असेल, तर मशीनची वेळ बदला. सगळ्यात भरवशाचा उपाय हाच. टाकी रात्रभर निवलेली असते, म्हणून पहाटे पाच ते आठ या वेळात मशीन चालवा, तिची टाकी भरून घ्या आणि वरचं पाणी माठात साठवा. दहा वाजायच्या आत मशीनचं बटण बंद करा, मग इनलेटचा (पाणी आत येण्याचा) कॉक. दोन्ही बंद करायलाच हवेत. नुसता कॉक बंद केला आणि मशीनमध्ये लो प्रेशर स्विच (पाणी आलं नाही की पंप थांबवणारं बटण) नसेल तर बूस्टर पंप कोरडा फिरतो. काहीच बंद केलं नाही तर दुपारी दोन तांबे पाणी काढताच मशीन आपोआप सुरू होऊन गरम पाणी ओढते.

गरम पाण्याने नेमकं काय बिघडतं? पाव इंची पांढरी नळी मऊ पडते आणि पंपाच्या दाबाने एल्बोतून (वळणाच्या जोडातून) निसटते. घरात कोणी नसेल तर ओटा आणि फरशी पाण्याखाली जाते. मेंब्रेनमधून पाणी जास्त सुटतं, पण क्षारही जास्त सुटतात. बोअरचं जड पाणी असेल तर तापल्यावर चुना लवकर बसतो, आणि आपल्या बहुतेक बोअरचं पाणी जडच असतं. कार्बन फिल्टरची वास धरून ठेवायची ताकदही कमी होते.

सोलर किंवा गीझर असलेल्या घरात आणखी एक तपासणी हवी. मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे आणि पुढचा नळ बंद राहिला, तर गरम पाणी थंड लाइनमध्ये घुसू शकतं. सोलरचा गरम नळ पाच मिनिटं चालू ठेवून फिल्टरच्या लाइनला हात लावून बघा. ती कोमट लागली तर प्लंबरकडून थंड लाइनवर एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवून घ्या. मशीन नव्याने जोडताना ती थंड पाइपलाच जोडली आहे ना, हे स्वतः उभं राहून पाहा.

चुकून गरम पाणी गेलंच, तर आधी मशीन आणि कॉक बंद करा. साठलेलं पाणी पिण्याला वापरू नका. सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसून ओल येते का ते पाहा. दुसऱ्या दिवशी पहाटे थंड पाणी अर्धा तास चालवा आणि मग टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजा. लगेच मोजलं तर आकडा चढलेला दिसेल आणि नको तिथे मेंब्रेन बदलाल. थंड पाण्यावरही तो नेहमीच्या दुप्पट-तिप्पट राहिला तर मेंब्रेन गेलं असं समजा.

वीज नसलेल्या कँडलच्या फिल्टरमध्ये उकळलेलं पाणी पूर्ण निवल्याशिवाय ओतू नका. कँडलच्या बुडाशी प्लास्टिकची चकती डिंकाने चिकटवलेली असते. गरम पाण्याने तो जोड सुटतो आणि पाणी न गाळता खाली उतरतं, वरून काहीच कळत नाही. आरओच्या हाउसिंगलाही (कार्ट्रिज बसतं त्या भांड्यालाही) धुताना साधंच पाणी वापरा.

घरात दोन मीटर नळी, दोन एल्बो, टेफ्लॉन टेप, एक सेडिमेंट (गाळ अडवणारं) कार्ट्रिज आणि हाउसिंगचा पाना आणून ठेवा. एप्रिल-मे मध्ये मिस्त्री लवकर सापडत नाही.