बेसबॉलचे आकडे कसे वाचायचे: कोण खरंच भारी आणि कुणाला नुसती साथ मिळाली

सांगलीत आकड्यांची सवय कुणाला लावावी लागत नाही. स्मृती मानधना आपल्या गावची, तिचं ॲव्हरेज काय, स्ट्राइक रेट काय, चहाच्या गाड्यावर कुणालाही विचारा, सांगतील. पण बेसबॉलची मॅच लावली आणि खाली ओबीपी, ओपीएस, ईआरए, वॉर असलं सगळं यायला लागलं की माणूस बावचळतो आणि चॅनल बदलतो. न्यूयॉर्ककडच्या संध्याकाळच्या मॅचेस आपल्याकडं पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतात, दूधवाला येईपर्यंत निम्मी मॅच झालेली असते, मग एवढ्या पहाटे उठून बघायचंच तर समजून बघावं. म्हणून हे लिहितोय, ज्याला क्रिकेट कळतं त्याला हे सगळं कळू शकतं.

आधी एक प्रश्न डोक्यात पक्का करा, पुढचं सगळं त्यावरच आहे. कुठलाही आकडा दिसला की विचारायचं, हा आकडा कुणाचा? त्यात त्या प्लेअरचं स्वतःचं किती, टीममधल्या बाकीच्यांचं किती, मैदानाचं किती आणि नशिबाचं किती. जुने आकडे हे सगळं एकत्र कालवून टाकतात, नवे आकडे ते वेगळं करायचा प्रयत्न करतात, फरक एवढाच.

दुसरी गोष्ट म्हणजे आउट. टी-ट्वेंटीत १२० बॉल असतात, बॉल संपले की खेळ संपला. बेसबॉलमध्ये बॉलला मर्यादाच नाही, इनिंगला ३ आउट, ९ इनिंग, म्हणजे २७ आउट एवढंच भांडवल. २७ संपेपर्यंत कितीही रन करा, तीन बेस ओलांडून परत सुरुवातीच्या जागी, म्हणजे घरी, आलं की एक रन. त्यामुळं बॅटरची पहिली किंमत तो किती वेळा आउट होत नाही यावर ठरते, तो किती लांब मारतो हे त्याच्यानंतर.

आता बॅटिंग ॲव्हरेज घ्या. हिट भागिले ॲट-बॅट. फिल्डरच्या चुकीशिवाय बॉल मारून बेसवर पोचला की हिट, आणि ॲट-बॅट म्हणजे हिशोबात धरलेली बॅटिंगची पाळी. हे गणित रूढ करण्यात हेन्री चॅडविकचा मोठा हात, १९व्या शतकातला न्यूयॉर्कचा पत्रकार, मूळचा इंग्लंडचा आणि क्रिकेटचं वार्तांकन करणारा, त्यामुळं यात क्रिकेटचा वास येतोच. पण यात वॉक धरतच नाहीत. पिचरनं, म्हणजे बॉल टाकणाऱ्यानं, चार बॉल बाहेर टाकले आणि बॅटरनं ते सोडले की त्याला फुकट पहिला बेस मिळतो, तो वॉक, आणि ॲव्हरेजच्या हिशोबात तो बॅटिंगला आलाच नव्हता असं धरतात.

माझा भाचा मिरजेला शाळेत सॉफ्टबॉल खेळतो, त्याच्या वहीचं एक पान माझ्यासमोर आहे. चार वेळा बॅटिंगला आला, एक हिट, एकदा आउट, दोन वॉक. त्यानं पेन्सिलनं फक्त हिटला गोल केलाय आणि वॉकच्या जागी नुसती रेघ. मी विचारलं तर म्हणतो, "मामा, वॉकमध्ये माझं काय? त्यानंच वाईट टाकले की." मी म्हटलं, अरे मर्दा, ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल सोडायला कसब लागतं का नाही? तेच हे. वाईट बॉलला बॅट न लावणं हे बॅटरचं स्वतःचं काम आहे आणि वर्षानुवर्षं तेच तेच बॅटर जास्त वॉक मिळवतात, म्हणजे तो योगायोग नव्हे.

म्हणून ॲव्हरेजच्या शेजारी नेहमी ऑन-बेस परसेंटेज बघायचं, ओबीपी. हिट, वॉक आणि बॉल अंगाला लागून मिळालेले बेस यांची बेरीज करायची आणि तिला ॲट-बॅट, वॉक, अंगाला लागलेले आणि सॅक्रिफाइस फ्लाय (उंच मारून स्वतः झेलबाद, पण त्यावर साथीदार घरी) या सगळ्यांच्या बेरजेनं भागायचं. कागद घ्या, एकदा स्वतः करून बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या बॅरी बाँड्सचा २००४ चा सीझन घ्या: ३७३ ॲट-बॅट, १३५ हिट, २३२ वॉक, ९ वेळा बॉल अंगाला लागला, ३ सॅक्रिफाइस फ्लाय. वर ३७६, खाली ६१७, उत्तर ०.६०९. म्हणजे दहा वेळा बॅटिंगला आला तर सहा वेळा आउट न होता बेसवर. त्याच वर्षी जपानहून आलेल्या इचिरो सुझुकीनं २६२ हिट मारल्या, एका सीझनमध्ये सगळ्यात जास्त हिटचा तो रेकॉर्ड, ॲव्हरेज ०.३७२. बाँड्सचं ॲव्हरेज ०.३६२, म्हणजे इचिरोपेक्षा कमीच. पण इचिरोचं ओबीपी ०.४१४. ते सुद्धा झकासच आहे, तरी ०.६०९ पुढं कुठं बघा.

मग स्लगिंग. यात एका हिटवर गाठलेल्या बेसप्रमाणं सिंगलला १, डबलला २, ट्रिपलला ३, होमरनला (सिक्ससारखा बॉल बाहेर मारून थेट घरी) ४ असे बेस मोजायचे आणि ॲट-बॅटनं भागायचं. बाँड्सचे त्या वर्षी ६० सिंगल, २७ डबल, ३ ट्रिपल, ४५ होमरन, एकूण ३०३ बेस, भागिले ३७३, ०.८१२. ओबीपी आणि स्लगिंगची बेरीज म्हणजे ओपीएस. गणिताच्या दृष्टीनं ही बेरीज जरा ओबडधोबड आहे, कारण ओबीपीतला एक पॉइंट स्लगिंगमधल्या एका पॉइंटपेक्षा जास्त रन आणतो आणि इथं दोघांना सारखाच मान दिलाय, पण पटकन अंदाज घ्यायला ओपीएस चांगला. ०.७०० ते ०.७५० म्हणजे साधारण बॅटर, ०.८०० च्या वर चांगला, ०.९०० च्या वर गेला की स्टार, १ च्या वर म्हणजे त्या वर्षी लीगमध्ये मोजकेच.

आरबीआयवर मात्र माझा अजिबात विश्वास नाही. तुमच्या हिटवर किती जण घरी आले हा तो आकडा, पण तुमच्या आधी बेसवर कोणी असायला तर पाहिजे! १९९० ला सॅन डिएगोच्या जो कार्टरनं ११५ आरबीआय केले, ऐकायला केवढं भारी वाटतं, पण त्याचं ॲव्हरेज ०.२३२ आणि ओबीपी ०.२९०. आधी टोनी ग्विनसारखे लोक बेसवर जाऊन उभे असायचे आणि कार्टरला संधीच भरपूर मिळायची. तर आरबीआय कुणाचे? निम्मे आधीच्या लोकांचे.

आता काळ आणि मैदान. १९६८ ला पिचर लोकांनी एवढा कहर केला की अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्त्रेम्स्की ०.३०१ ॲव्हरेजवर पहिला आला, पिचर बॉब गिब्सनचा ईआरए (दर ९ इनिंगला दिलेले रन, गणित पुढं येतंय) होता १.१२, आणि पुढच्या वर्षी पिचरचा माउंड, म्हणजे तो उभा राहतो तो उंचवटा, १५ इंचावरून १० इंच करायला लागला. त्या वर्षीचं ०.३०१ आणि २००० सालचं ०.३०१ एक नव्हे, २००० ला बॅटर लोकांची दिवाळी होती. मार्केट यार्डातल्या हळदीसारखंच आहे हे, पाच वर्षांपूर्वीचा क्विंटलचा दर आणि आजचा दर नुसता शेजारी ठेवून कुणाची हळद भारी ते ठरत नाही, त्या दिवशी सौद्यात बाकीच्यांना काय मिळालं ते बघावं लागतं.

मैदानाचं पण तसंच. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटरवर आहे, आपलं महाबळेश्वर १३५० च्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच जागी रोज मॅच खेळतात तिथं. हवा विरळ, बॉलला अडथळा कमी, म्हणून तो लांब जातो, शिवाय कर्व्ह बॉल पाहिजे तसा वळत नाही. तिथल्या बॅटरचे आकडे फुगतात आणि पिचर बिचारे विनाकारण बदनाम होतात.

हे सगळं काढून टाकलेला आकडा म्हणजे ओपीएस प्लस किंवा डब्ल्यूआरसी प्लस (बॅटरनं रनमध्ये किती भर घातली त्याचा हिशोब). १०० म्हणजे त्या वर्षीचा लीगचा सरासरी बॅटर, १३० म्हणजे सरासरीपेक्षा ३० टक्के चांगला, ८० म्हणजे २० टक्के वाईट. दोन वेगळ्या काळातले किंवा दोन वेगळ्या गावचे बॅटर तुलनेला घ्यायचे असतील तर सरळ डब्ल्यूआरसी प्लसच उघडा, बाकीची हुज्जत घालत बसू नका.

पिचरकडं येऊ. पिचरच्या नावावर विन आणि लॉस लिहितात, पण त्याच्या टीमनं रनच केले नाहीत तर तो काय करणार? २०१८ चा जेकब डीग्रॉम बघा, न्यूयॉर्क मेट्सचा. २१७ इनिंग, ४१ अर्न्ड रन, म्हणजे फिल्डरच्या चुकीशिवाय दिलेले रन. ईआरए म्हणजे ९ गुणिले अर्न्ड रन भागिले इनिंग, ३६९ भागिले २१७, १.७०. आणि विन-लॉस? १० विन, ९ लॉस! तरी त्याला साय यंग अवॉर्ड, लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचं, मिळालं आणि ते रास्तच होतं. २०१० ला फेलिक्स हर्नांडेझलासुद्धा १३-१२ असताना मिळालं होतं. विनचा कॉलम बघूच नका. एक बारकी गोष्ट, इनिंगमध्ये ६.१ लिहिलेलं असतं ते सहा पूर्णांक एक दशांश नव्हे, सहा इनिंग आणि एक आउट, म्हणजे ६ आणि एक तृतीयांश. एक्सेलमध्ये तसंच टाकलं तर ईआरए चुकतो.

पण ईआरएमध्ये सुद्धा मागच्या फिल्डरचा हात असतोच. बॉल बॅटला लागून मैदानात गेला की पुढं कोण पळतो, कोण पकडतो, हे पिचरच्या ताब्यात फारसं नसतं. साधारण असे ३० टक्के बॉल हिट होतात. एखाद्या पिचरचा हा आकडा महिनाभर २२ टक्के असला तर तो बहुतेक वर येणार, आणि ३७ असला तर खाली. म्हणून फिल्डर वगळून पिचर मोजायला एफआयपी काढलं, ज्यात फक्त स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट), वॉक, अंगाला लागलेले बॉल आणि होमरन. होमरनला १३ नं गुणा, वॉक आणि अंगाला लागलेल्यांच्या बेरजेला ३ नं, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करा, इनिंगनं भागा, आणि मग ३.१ च्या आसपासचा त्या वर्षीचा स्थिरांक मिळवा म्हणजे उत्तर ईआरएच्या मापात येतं. ईआरए २.५० आणि एफआयपी ४.२० असा पिचर दिसला तर सावध व्हा, त्याला फिल्डरची नाहीतर नशिबाची साथ आहे, पुढच्या वर्षी तो तसाच राहील याची खात्री धरू नका.

टीम तपासायची असेल तर विन मोजण्याआधी रन मोजा. बेसबॉलच्या आकड्यांवर लिहिणाऱ्या बिल जेम्सचं सूत्र आहे, केलेल्या रनचा वर्ग भागिले, केलेल्या आणि दिलेल्या रनच्या वर्गांची बेरीज. आलेल्या उत्तराला १६२ मॅचनं गुणा. २०१६ ची टेक्सास रेंजर्स घ्या, ७६५ रन केले, ७५७ दिले. सूत्र म्हणतं साधारण ८२ विन. प्रत्यक्षात जिंकल्या ९५! हे झालं कसं, तर एका रनच्या फरकानं ठरलेल्या मॅचेसमध्ये त्यांचा हिशोब ३६-११ होता. असल्या मॅचेस जिंकायचं खास तंत्र असतं असं लोक म्हणतात, थोडंफार बुलपेनमुळं (नंतर आणायचे राखीव पिचर) असेलही, पण ते टिकत नाही. प्लेऑफमध्ये टोरोंटोनं त्यांना सलग तीन मॅच हरवून बाहेर काढलं आणि २०१७ ला त्याच टीमच्या ७८ विन, ८४ लॉस. सीझनच्या मध्यावर टेबल बघताना विनपेक्षा रन डिफरन्सचा कॉलम आधी बघा, पुढं कोण टिकणार ते त्यातून जास्त कळतं.

एप्रिलच्या, म्हणजे सीझनच्या सुरुवातीच्या, आकड्यांवर तर भाळूच नका. ०.३०० चा खरा बॅटर १०० ॲट-बॅटमध्ये नेमक्या ३० हिट मारत नाही, नुसत्या नशिबानं २५ ते ३५ मध्ये कुठंही असतो, आणि दर चार बॅटरमधला एखादा त्याच्याही बाहेर. २५ वाल्याला लोक संपला म्हणतात, ३५ वाल्याला देव करतात, आणि दोघं एकाच ताकदीचे असू शकतात. स्ट्राइकआउट आणि वॉकचं प्रमाण लवकर स्थिरावतं, ॲव्हरेजला सीझनभराचा खेळसुद्धा अपुरा पडतो. म्हणून नवा पोरगा आला की आधी तो किती वेळा स्ट्राइकआउट होतोय आणि किती वॉक घेतोय ते बघायचं. सोबत बेसबॉल सॅव्हंट या वेबसाइटवर बॉलचा बॅटवरून निघायचा वेग मिळतो, ताशी ९५ मैल किंवा त्याहून जोरात मारलेल्याला हार्ड हिट म्हणतात. जोरात मारतोय पण हिट पडत नाहीत अशा प्लेअरवर मी तरी पैज लावीन.

फिल्डिंगमध्ये एरर मोजून काही कळत नाही, जो बॉलपर्यंत पोचतच नाही त्याचा एरर लागतच नाही. आउट्स अबव्ह ॲव्हरेज बघा, तो अवघड-सोपं कॅमेऱ्यावरून ठरवतो.

शेवटी वॉर, म्हणजे बॅटिंग, बेस रनिंग, फिल्डिंग, पिचिंग सगळं रनमध्ये मोजायचं, साधारण १० रनला १ विन धरायचा, आणि सहज मिळणारा बदली प्लेअर घेतला असता त्यापेक्षा यानं किती विन वाढवल्या ते सांगायचं. शून्य म्हणजे बदली प्लेअर, २ म्हणजे रोजचा चांगला, ५ म्हणजे ऑल-स्टार, ८ च्या वर एमव्हीपीची, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम प्लेअरच्या अवॉर्डची, चर्चा. २०१२ ला मिगेल काब्रेरानं १९६७ नंतरचा पहिला ट्रिपल क्राउन (ॲव्हरेज, होमरन, आरबीआय तिन्हीत लीगमध्ये पहिला) घेतला आणि एमव्हीपी पण झाला, पण वॉरमध्ये तो ७ च्या आसपास आणि विशीतला नवखा माइक ट्राउट १० च्या वर, कारण ट्राउट सेंटर फील्ड सांभाळायचा आणि बेसवर वाऱ्यासारखा पळायचा. माझं मत ट्राउटलाच. पण वॉर ६.१ आणि ५.८ असा फरक असेल तर भांडू नका, तेवढा नेमकेपणा त्यात नाही. बेसबॉल रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या दोन वेबसाइटचे पिचरचे वॉर वेगळे येतात, पहिला दिलेल्या रनवरून काढतो आणि दुसरा एफआयपीवरून, मी दोन्ही बघतो.

हात बसवायला मेजर लीगच लागते असं नाही. विश्रामबागला नाहीतर मिरजेला शाळेची सॉफ्टबॉल मॅच असली की वही घेऊन जा आणि प्रत्येक बॅटरपुढं हिट, वॉक, अंगाला लागलेला, सॅक्रिफाइस फ्लाय, सॅक्रिफाइस बंट, आउट असे वेगळे कॉलम पाडा. फिल्डरच्या चुकीमुळं बेस मिळाला तर हिट लिहू नका, ॲट-बॅटमध्ये तो आउटसारखाच धरतात आणि ओबीपीच्या वरच्या बेरजेतही घेत नाहीत, आणि बंट करून, म्हणजे बॉलला नुसती बॅट टेकवून, स्वतः आउट होऊन दुसऱ्याला पुढं ढकललं तर ते ॲट-बॅटमध्येही नाही आणि ओबीपीच्या खालच्या बेरजेतही नाही.