टेबलाला नाडी लागते तेव्हा: घरच्या कॉम्प्युटरवर मोजमाप करताना या चुका टाळा

सेन्सर जोडला की तासाभरात स्क्रीनवर ग्राफ पळायला लागतो, आणि ग्राफ आला म्हणजे मोजमाप झालं असं नवशिक्याला वाटतं. मीही त्यातलाच.

छातीला इलेक्ट्रोड, पुढे अ‍ॅम्प्लिफायर, मग आर्डुइनो (सेन्सरचं रीडिंग घेणारा छोटा बोर्ड) आणि लॅपटॉप. प्रोग्रॅमच्या लूपमध्ये, म्हणजे दर रीडिंगच्या फेरीत, 20 मिलिसेकंदांचा डिले. मिनिटाला 72 ठोके, अगदी लयीत! घरच्यांना बोलावून दाखवलं. नंतर इलेक्ट्रोड काढून टेबलावर ठेवले, तरी ठोके चालूच. लाटा गुळगुळीत होत्या, ईसीजीचं टोक कुठेच नव्हतं. शंका तेव्हाच यायला हवी होती.

वाचणं-पाठवणं धरून लूपची एक फेरी साधारण 20.5 मिलिसेकंदांची होत होती, म्हणजे सेकंदाला साधारण 48.8 रीडिंग. मेन्सची, म्हणजे घरातल्या विजेची, गुणगुण 50 हर्ट्झ. फरक 1.2, म्हणजे मिनिटाला 72. रीडिंग पुरेशा वेगाने घेतली नाहीत की जलद लाट अशी संथ लाटेच्या वेषात दिसते, याला एलियासिंग म्हणतात. ‘नंतर सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावू’ म्हणणाऱ्यांनो, एकदा अशी भेसळ आत आली की ती निवडून काढता येत नाही. फिल्टर एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या) आधी हवा. मी 10 किलो-ओहमचा रेझिस्टर आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतो (साधारण 159 हर्ट्झपासून सिग्नल उतरतो) आणि सेकंदाला 500 रीडिंग घेतो. मग मेन्स मेन्ससारखीच दिसते, जाड पट्टा होऊन. आणि दरवेळी आधी सेन्सर काढून पाच मिनिटं रेकॉर्डिंग करतो. कंटाळवाणं आहे, पण करतोच.

दुसरी चूक जिवावर बेतणारी. अंगाला इलेक्ट्रोड आणि लॅपटॉप चार्जरवर, हे कधीही नको. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी 60601-1 मानकात शरीरातून जाणाऱ्या गळती करंटची मर्यादा नेहमीच्या स्थितीत 100 मायक्रोअँपिअर आहे, थेट हृदयाला जोडायच्या उपकरणांना फक्त 10. स्वस्त चार्जर हे मानक बघून बनवलेला नसतो. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. प्रिंटर, बाहेरचा मॉनिटर, लॅन केबल सगळं काढा. डेस्कटॉप असेल तर आयसोलेटरशिवाय (अंग आणि मेन्स यांच्यातली विजेची वाट तोडणाऱ्या भागाशिवाय) अंगाला वायर लावूच नका. ‘एकदाच बघतो’ म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही. आणि त्या ग्राफवरून निदान तर अजिबात नको.

साउंड कार्डाने तापमान मोजायला निघालेले दर महिन्याला एक भेटतात. त्याच्या इनपुटला कपॅसिटर असतो, तापमानाच्या सेन्सरचं जवळपास स्थिर व्होल्टेज आत येतच नाही.

यूएसबीचे 5 व्होल्ट म्हणजे नेमके 5 नव्हेत. तोच रेफरन्स (मोजायची पट्टी) धरला तर त्याच्या चढउताराबरोबर रीडिंगही हलतं. मल्टिमीटर लावून बघा.

रीडिंग कधी घेतलं त्या वेळेचा शिक्का बोर्डावरच मारा, लॅपटॉपवर नको. विंडोजच्या टायमरचा ठोका मुळात 15.6 मिलिसेकंदांचा, त्यात मध्येच अपडेट सुरू झालं की आनंदच.

कच्चा डेटा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. नुसता गुळगुळीत केलेला ग्राफ पाठवून ‘काय चुकलं?’ विचारलंत तर मी आधी तीच फाइल मागणार.