बीटवरची नोंद: घटना कशी टिपावी, कशी हाताळावी

गोव्यात राष्ट्रीय उद्यान एकच, मोलेचं, 107 चौरस किलोमीटरचं. त्याला लागून भगवान महावीर अभयारण्य, उत्तरेला म्हादई, दक्षिणेला नेत्रावळी आणि खोतीगाव. शिवाय बोंडला आणि मांडवीतलं चोडण. क्षेत्र लहान, पण वाडे, कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा), काजूच्या बागा, रेल्वे आणि महामार्ग या जंगलांना चिकटून किंवा थेट त्यांच्या पोटातून जातात. त्यामुळे वनरक्षकाच्या डायरीत सलग चार दिवस ‘विशेष काही नाही’ असं लिहिलेलं दिसलं, तर बीट (त्याच्या गस्तीचं क्षेत्र) शांत होतं यापेक्षा बीट फिरलं गेलं नाही ही शक्यता जास्त.

नोंदीचा पाया एकच: पाहिलं ते आधी, वाटलं ते नंतर, वेगळ्या ओळीत. ‘वाघाने गाय मारली’ हा निष्कर्ष झाला. ‘गळ्यावर दातांचे व्रण, मागचा पुठ्ठा खाल्लेला, 15 मीटर ओढत नेल्याची खूण’ ही नोंद झाली. निष्कर्ष चुकला तर दुरुस्त करता येतो. निरीक्षण लिहायचं राहिलं तर मात्र पहिल्याच पावसात पुरावा वाहून जातो.

वही, पेन्सिल, पाकिटं

फिरताना खिशात पुठ्ठ्याच्या बांधणीची छोटी वही आणि पेन्सिल ठेवा. जून ते सप्टेंबर बॉलपेन ओल्या कागदावर उमटत नाही आणि जेल पेनची शाई पसरते. चौकीतल्या मोठ्या रजिस्टरात मात्र त्याच संध्याकाळी शाईने उतरवायचं. पानांना आधीच क्रमांक घाला, मध्ये जागा मोकळी सोडू नका. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी सही. व्हाइटनर लावलेली ओळ बचाव पक्षाचा वकील सर्वांत आधी उघडतो. खिशातली वही रजिस्टरात उतरवून झाली म्हणून फेकायची नाही. मूळ नोंद तीच.

सोबत 15 सेंटिमीटरची पट्टी, पाच मीटरची टेप, हातमोजे, मार्कर आणि कागदी पाकिटं हवीत. केस किंवा विष्ठा ओली असताना प्लॅस्टिकमध्ये बंद केली की दोन दिवसांत बुरशी धरते. आधी सावलीत सुकवा, मग कागदात घाला, पाकिटावर तारीख, वेळ, जागा आणि सही.

जागा

जीपीएसला नेटवर्क लागत नाही, उघडं आकाश लागतं. घळीत किंवा दाट झाडीखाली आकडा पन्नास मीटरनेही हलतो. फोन दोन मिनिटं स्थिर धरा, आणि अ‍ॅप जी अचूकता दाखवतं (‘±8 मी’) तीही लिहा. आकडे दशांश अंशात, दशांशानंतर पाच अंक. पडताळा सोपा आहे: घाटाकडच्या अभयारण्यांत रेखांश 74 ने सुरू होतो, आणि खोतीगावचा दक्षिण भाग सोडला तर अक्षांश 15 ने. आकडा याबाहेरचा निघाला तर अंक उलटसुलट झालेत किंवा फोन जुनीच जागा दाखवतोय.

आकड्यांसोबत माणसाला सापडेल असं वर्णनही हवं: कोणता व्हाळ (ओढा), कोणता काठ, जवळचा वाडा, देवराई किंवा पूल. दोन वर्षांनी कोर्टात जागा दाखवताना हेच उपयोगी पडतं.

फोटो चार प्रकारचे घ्या: ओळखीची खूण दिसेल असा लांबून, मधल्या अंतरावरून, पट्टी ठेवून जवळून, आणि तोच पट्टीशिवाय. ठशाचा फोटो बरोबर वरून घ्या. तिरका घेतला की मोजमाप फसतं.

एक नमुना पाहा:

*‘07.40. व्हाळाचा डावा काठ, कुळागराच्या कुंपणापासून 60 मी. रानडुकराच्या वाटेवर तारेचा फास. दुचाकीची क्लच-वायर, सरकती गाठ, वेटोळ्याचा खालचा भाग जमिनीपासून 25 सेंमी. दुसरं टोक जिवंत झाडाला. दोन्ही बाजूंना तोडलेल्या फांद्या आडव्या, तोड हिरवी. माती उकरलेली नाही, रक्त वा केस नाहीत. फोटो 6. अंदाज: फास दोन-तीन दिवसांचा.’*

‘तोड हिरवी’ या दोन शब्दांवर फास कधी लावला हे ठरतं. ‘एक फास मिळाला, काढून टाकला’ असं लिहिलं असतं तर त्यातून काहीच हाती लागलं नसतं.

गुरं मारली गेली तेव्हा

गोव्यात सगळ्यात महत्त्वाची घटना हीच, आणि सगळ्यात जास्त हेळसांड होते तीही हिचीच. जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. वाघ आपल्या शिकारीवर परत येतो, आणि तोवर कुणी तिच्यात विष घातलं असेल तर तोही मरतो. त्यामुळे मेलेली गाय आणि मालकाचा राग हे दोन्ही एका रात्रीपुरते जरी सांभाळता आले, तरी पुढचं बरंच टळतं.

खबर येताच निघा. मालकाशी पहिलं वाक्य भरपाईचंच असू द्या: “काका, गाय हलवू नका, पंचनामा आजच करतो.” कायदा नंतर सांगा. पंचनामा ‘उद्या’वर गेला की माणसाचा विश्वास उडतो.

जागेवर पोचल्यावर मढ्याभोवती लांबून एक फेरी मारा, मगच जवळ जा. ठसे सहसा मऊ मातीत, व्हाळाच्या काठाला मिळतात आणि बघ्यांच्या पायांखाली सर्वांत आधी तेच जातात. ठसे पालथ्या टोपलीने झाका. नंतर बघायच्या गोष्टी: व्रण कुठे, खायला सुरुवात कुठून, ओढलं किती. वाघ बहुधा मागच्या पुठ्ठ्याकडून खातो, बिबटा पोटाकडून. रानकुत्रे असतील तर बरेच ठसे असतात आणि लचके तोडलेले दिसतात. हे ठोकताळे आहेत, शिक्का नव्हे. वाघाच्या वाढत्या बछड्याचा ठसा बिबट्याएवढा असतो, म्हणून आकारावरून ‘बिबटा’ लिहून मोकळं होऊ नका.

पशुवैद्यक आले की गळ्याची कातडी सोलून पाहायला सांगा. आत रक्त साकळलेलं असेल तर दात जिवंतपणी लागले. साकळलेलं नसेल तर गाय आधीच मेलेली असू शकते आणि जनावर नंतर खायला आलं. भरपाईच्या बहुतेक वादांचा निकाल इथेच लागतो. गुराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा 12 आकडी क्रमांक, वय आणि दुभतं की भाकड हे पंचनाम्यात हवंच. बिल्ल्याचा फोटो घ्यायचा राहिला म्हणून अडकलेल्या फायली कमी नाहीत.

त्यानंतर मढं तिथेच राहू द्यायचं आणि पहारा ठेवायचा. वाटेवर समोरासमोर दोन कॅमेरा ट्रॅप लावा, जमिनीपासून 40 ते 45 सेंटिमीटरवर. दोन यासाठी की वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात. एकाच बाजूच्या फोटोवरून ओळख पटत नाही. कॅमेरे अगदी एका रेषेत नकोत, थोडे तिरके ठेवा, नाहीतर एकाच्या फ्लॅशने दुसऱ्याचा फोटो पांढरा पडतो.

दर फेरीला मढं निरखून पाहा. त्यावर माश्या बसून जागीच मेलेल्या दिसल्या, मांसात दाणेदार भुकटी दिसली, कीटकनाशकाचा उग्र वास आला, जवळपास कावळा किंवा मुंगूस मेलेलं आढळलं, तर विष टाकलंय असं धरून चाला. उघड्या हाताने स्पर्श नको. ताबडतोब आरएफओंना (परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांना) कळवा आणि मढ्याकडे काहीही फिरकणार नाही असा बंदोबस्त करा. वन्यप्राणी मेलेला सापडला आणि तो वाघ असेल, तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीनुसार उलट सिद्ध होईपर्यंत ती शिकारच मानायची असते. जागा दोरीने बांधा, आत-बाहेर जाण्याची वाट एकच ठेवा आणि कोण कधी आत गेलं ते लिहा.

फासे आणि गावठी बॉम्ब

भात पिकायला लागलं की सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि पुन्हा काजूच्या हंगामात फासे वाढतात. रानडुकरासाठी लावलेल्या फासात बिबटा सापडतो. कुंपणातली भगदाडं, ओलांडायच्या जागा आणि फांद्या टाकून अरुंद केलेली वाट, नजर इथे हवी. एक मिळाला की त्याच कुंपणाची पूर्ण लांबी चाला. फास सहसा एकटा नसतो. रिकामा फास काढायचा की पाळत ठेवायची हे वरिष्ठ ठरवतील, तोवर हात लावू नका. जनावर जिवंत अडकलेलं असेल तर जवळ जाऊ नका: धडपडीत तार तुटली तर बिबटा सरळ अंगावर येतो. गर्दी शंभर मीटर मागे न्या आणि पशुवैद्यकाची वाट पाहा.

कणकेच्या गोळ्यासारखं, सुतळीने किंवा कागदाने गुंडाळलेलं काही दिसलं तर तो गावठी बॉम्ब असू शकतो: उचलू नका, पायाने हलवू नका. जागेवर खूण करून मागे फिरा आणि 112 ला फोन करा.

वणवा

मार्च 2023 मध्ये म्हादईत आणि आसपास इतक्या ठिकाणी आगी लागल्या की हेलिकॉप्टर आणावी लागली. फेब्रुवारी ते मे हा धोक्याचा काळ. काजूखालचा पाला जाळणं आणि सड्यावरचं वाळलेलं गवत ही नेहमीची सुरुवात.

भारतीय वन सर्वेक्षणाचा इशारा मोबाइलवर येतो, पण तो नीट वाचता यायला हवा. व्हीआयआरएसचा (आगीची उष्णता टिपणाऱ्या उपग्रहांवरच्या उपकरणाचा) एक ठिपका 375 मीटरचा असतो. आग त्याच्या कोणत्याही कोपऱ्यात असू शकते. हे उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातात. दुपारी तीनला पेटलेली आग त्यांना मध्यरात्रीनंतर दिसते. इशारा आला नाही याचा अर्थ आग नाही असा होत नाही. टेकडीवरून धूर बघणं चालूच ठेवावं लागतं.

नोंद करा: पहिल्यांदा धूर दिसल्याची वेळ, वारा कुठून, काय जळतंय (गवत, पाला की ओंडके), आघाडी अंदाजे किती मीटर. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि पश्चिमेच्या उतारांवरची आग चढणीला वेग घेते. अशा वेळी आगीच्या वरच्या अंगाला कुणी उभं राहायचं नाही. जळून गेलेल्या बाजूने शिरा, बाजूंनी दाबत आघाडीकडे या, हिरव्या डहाळ्यांनी किंवा ब्लोअरने. खरं काम रात्री आणि पहाटे होतं; वारा पडलेला असतो. आग विझल्यावर ओंडके उलटवा, बांबूच्या बेटांत हात जवळ नेऊन ऊब तपासा. दुसऱ्या दुपारच्या वाऱ्यात पुन्हा पेटते ती इथूनच. जिथून आग सुरू झाली ती जागा तुडवू नका, आधी फोटो.

मेलेलं माकड

सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. मेलेलं वानर किंवा माकड म्हणजे आरोग्य खात्याला त्याच दिवशी द्यायची खबर. माकड मेलं की अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आजूबाजूला पसरतात, म्हणून कुतूहलाने जवळ जायचं नाही. जागा टिपा, लांबून फोटो घ्या, गुरं आणि लाकडं गोळा करणारे तिकडे जाणार नाहीत ते पाहा. नमुने पशुवैद्यकच घेतील, आणि आजूबाजूला कीटकनाशक मारलं जाईल. नोव्हेंबर ते मे गमबूट घाला, उघड्या त्वचेला डेपा तेल (गोचिडी दूर ठेवणारं) लावा, घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात घालून अंगभर गोचिडी तपासा. त्यानंतर 3 ते 8 दिवसांत अचानक ताप भरला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आणि मेलेल्या माकडाचं आधी सांगा, अंगदुखीचं नंतर.

रस्ता, रूळ, धबधबा, साप

अनमोड घाटाच्या रस्त्यावर मेलेलं जनावर सापडलं तर किलोमीटरचा दगड आणि वाहनाची दिशा लिहा, मग मढं रस्त्यापासून दूर न्या. नाहीतर ते खायला आलेलं दुसरं जनावर मरतं. रेल्वेवर गवा गेला तर रुळालगतच्या खांबाचा क्रमांक लिहा. रुळावर उतरण्याआधी कुळे स्थानकाला कळवा, घाटाच्या वळणांत गाडी ऐकू येईपर्यंत ती जवळ आलेली असते.

पावसाळ्यात बंदी असलेल्या धबधब्यांवर माणसं येतातच. वर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या की सगळ्यांना त्याच क्षणी बाहेर काढा, वाद नंतर घाला.

सर्पदंशात चावल्याची वेळ लिहा, अवयव हलू देऊ नका, अंगठी-घड्याळ काढा आणि 108. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. साप मारून आणायचीही गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर चांगलं, कारण चापडे (पिट व्हायपर) जातीच्या सापांवर आपल्याकडचं प्रतिविष काम करत नाही, आणि डॉक्टरांना ते आधी कळलेलं बरं.

संध्याकाळी

फोटो व्हॉट्सअ‍ॅपने साधेपणाने पाठवले की आकार घटतो आणि वेळ-जागेची माहिती निघून जाते. कळवण्यापुरते तसे पाठवा, पण मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा आणि तिची प्रत चौकीच्या हार्ड डिस्कवर घ्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार अशा पुराव्यासोबत हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासह) प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून फोटो कोणत्या फोनवर काढले ते रजिस्टरात लिहा. कुणाला पकडलं असेल तर त्याला 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचं असतं. ताब्यात घेतल्याची वेळ मिनिटासकट हवी. आणि फोन बदलायचा झाला, तर चालू प्रकरणांचे मूळ फोटो असलेला जुना फोन रिसेट न करता लेखी पोच घेऊन कार्यालयात जमा करा.