सुगंधी वनस्पतींवर जड धातूंचा ताण: निदानात आणि उपायांत या चुका टाळा

तुळस, पुदिना किंवा सब्जा नाल्याच्या अथवा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढत असेल, तर कोवळी पाने पिवळी पडताच लोहाची कमतरता समजून फेरस सल्फेट फवारणे ही सर्रास होणारी चूक आहे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हे निदान अनेकदा बरोबरही असते. परंतु अशा पाण्यातून येणारे कॅडमियम किंवा निकेल यांसारखे जड धातू जास्त झाल्यासही मुळांचे लोहशोषण बिघडते आणि शिरा हिरव्या राहून पान तसेच पिवळे पडते. म्हणून आधी एक रोप मुळांसकट काढून पाहावे. मुळे आखूड, तपकिरी आणि तंतुमुळांविना दिसली, तर माती तपासून घ्यावी. मातीतील एकूण धातूचा आकडा पुरेसा नसतो. पिकाला उपलब्ध होणारा अंश आणि सामू (मातीची आम्लता दाखवणारा pH) हेही मागून घ्यावेत.

पुढची चूक म्हणजे सरसकट चुना टाकणे. कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत सामू साडेसहाच्या आसपास नेल्यास कॅडमियम व शिसे पिकाला कमी मिळतात, हे खरे. मात्र आर्सेनिकच्या बाबतीत सामू वाढवल्याने तो उलट अधिक मोकळा होऊ शकतो, त्यामुळे धातू ओळखल्याशिवाय चुन्याला हात लावू नये.

ताणाखाली पानांतील सुगंधी तेलाची टक्केवारी कधी कधी वाढते आणि उत्पादक खूश होतो. पाने लहान राहिल्यामुळे तेलाचा अंश दाट झालेला असतो, पण पाल्याचे वजन घटल्याने एकरी तेल बहुधा कमीच भरते. शिवाय सब्ज्यातील लिनालूल व मिथाइल चॅव्हिकॉल या सुगंध देणाऱ्या घटकांचे प्रमाणही बदलू शकते, म्हणून केवळ टक्केवारीवर भाव ठरवू नये.

सर्वांत धोकादायक गैरसमज मात्र तेलाच्या शुद्धतेवरून होतो. बल्गेरियात प्लोव्दिव्हजवळील धातू वितळवण्याच्या कारखान्याच्या परिसरात पुदिन्यावर झालेल्या प्रयोगांत उत्पादन घटले, तरी वाफेने काढलेले तेल दूषित झाले नाही, कारण धातू वाफेबरोबर जात नाहीत. ते पाल्यातच राहतात. तेल स्वच्छ म्हणून त्याच शेतातला पाला काढ्यासाठी विकणे मला अक्षम्य वाटते. वाळलेल्या वनौषधींत शिसे किलोमागे 10 आणि कॅडमियम 0.3 मिलिग्रॅमच्या आत असावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. धुतल्याने पानावरची धूळ आणि तिच्यातले शिसे निघते, आत मुरलेला धातू निघत नाही. ऊर्ध्वपातनानंतरचा, म्हणजे वाफेने तेल काढून उरलेला, चोथाही गुरांना घालू नये, की खत म्हणून त्याच शेतात परत टाकू नये.