अर्धवट आलेली अक्कलदाढ कशी सांभाळावी

मुलींच्या होस्टेलची रेक्टर म्हणून जुलैत नव्या मुली येताना दरवर्षी बघते. अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते, म्हणजे नेमकी घर सोडून पुण्यात आल्यावर. मग रात्री कुणीतरी गाल धरून दारात उभी राहते, "ताई, सगळ्या म्हणाल्या लवंग ठेव."

रोजचं थोडक्यात. सकाळी आणि झोपताना दोन-दोन मिनिटं, मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट. फेस थुंकायचा, लगेच खळखळून चुळा भरायच्या नाहीत. साखर किती खाल्ली याइतकंच किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचं, म्हणून टपरीवरचा सहा वेळचा चहा दोनवर आणा. मिश्री म्हणजे तंबाखूच. बंद करा.

आता खरी अडचण. अक्कलदाढ बऱ्याचदा अर्धीच वर येते आणि तिच्यावर हिरडीची झाकणासारखी घडी राहते. घडीखाली अन्न अडकून कुजतं, हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीवर वरची दाढ चावत राहते. एकोणिसाव्या वर्षी मला हेच झालं. दुखतंय तर हात लावू नये, असं सगळ्यांनी सांगितलं. मी आठ दिवस ब्रश तिकडे नेला नाही. नवव्या दिवशी तोंडात जेमतेम एक बोट जात होतं आणि पेपर उपाशीपोटी दिला. तो सल्ला साफ चुकीचा होता. दुखतं तिथेच हलक्या हाताने घासायचं असतं.

त्यासाठी तोंड मोठ्ठं उघडू नका. मोठा आ केला की गाल ताणला जातो आणि ब्रशला जागाच उरत नाही. तोंड अर्धं मिटा, लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश घ्या, शेवटच्या दाढेच्या मागे टेकवा आणि हळूच गोल फिरवा. सुरुवातीला थोडं रक्त येईल, म्हणून सोडू नका.

मग पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका, टोक घडीच्या कडेशी धरा आणि पाणी हळू सोडा. जोर नको. गेल्या वर्षी एका मुलीच्या घडीखालून बेसिनमध्ये काळपट झालेलं कोथिंबिरीचं पान पडलं. वासानेच ती मागे सरली, पण त्या रात्री झोपली. प्रत्येक जेवणानंतर हे करा.

पेनकिलरची गोळी हिरडीत दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. तो पांढरा चट्टा मी पाहिला आहे. गालाला बाहेरून गरम शेक नको. रूममेटच्या उरलेल्या अँटिबायोटिक तर अजिबात नकोत.

दोन दिवसांत उतार पडला नाही किंवा पुन्हा दुखलं, तर डेंटिस्टकडे जा. एक्स-रे बघून दाढ ठेवायची की काढायची हे ते ठरवतील, सरळ आलेली दाढ उगाच काढत नाहीत. पैशांची अडचण असेल तर धनकवडीत भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, कॅम्पात रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ हातात ठेवून जा.

ताप आला, गिळता येईना, सूज जबड्याखाली पसरली, किंवा एकावर एक तीन बोटं तोंडात मावेनाशी झाली, तर सकाळची वाट बघू नका. रेक्टरला उठवा आणि त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.