पिनोटाजची वेल झुडपासारखी कशी राखावी

दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशजवळच्या मळ्यात नऊ हंगाम मी पिनोटाज हा वाईनच्या काळ्या द्राक्षांचा वाणच राखतोय. १९२५ साली द्राक्षतज्ज्ञ अब्राहम पेरोल्ड यांनी स्टेलनबॉशमध्येच पिनो न्वार आणि सिन्सो या दोन द्राक्षवाणांचा संकर केला. सिन्सोला तेव्हा इथे 'हर्मिटेज' म्हणत, म्हणून 'पिनो' आणि 'हर्मिटेज' जोडून पिनोटाज हे नाव.

वेलीला आधाराच्या तारा नकोत. बुंधा गुडघ्याएवढा ठेवून वर वाटीच्या आकारात पाच-सहा फांद्या राखा. जुलै-ऑगस्टमध्ये, वेल झोपेत असताना, प्रत्येक फांदीवर एकच काडी ठेवून ती दोन डोळ्यांवर, म्हणजे फुटीच्या दोन कळ्या राखून, छाटा. तिसरा डोळा सोडायचा मोह मला पहिल्या वर्षी आवरला नाही; घड भरपूर आले, पण रस फिका निघाला. वसंतात वाटीच्या आतली फूट हातानेच खुडा, वारा खेळला पाहिजे.

मणी रंगू लागले की खरी परीक्षा. बाकीचे काळे पडत असताना हिरवेच राहिलेले घड काढून टाका. जीव तुटतो, तरी काढाच. उरलेल्या घडांची गोडी त्यानेच एकसारखी होते.

हा वाण लवकर पिकतो, त्यामुळे फेब्रुवारी उजाडताच रोज मणी चाखा. तोडणी पहाटेच्या गारव्यात करा. याचा रस झपाट्याने आंबतो आणि तापला की वाईनला रंगाच्या डब्यासारखा वास मारतो.